सर्जन ‘नाही’ म्हणाले, त्यानंतर

२०१९ ते २०२२ या काळात माझ्या नाकावर चार लाख एक्केचाळीस हजार चारशे रुपये खर्च झाले. बँकेत नोकरी असल्यामुळे पावत्या लावून ठेवायची सवय आहे, म्हणून आकडा नेमका सांगता येतो. यात दोन शस्त्रक्रिया आणि दोनदा घेतलेलं फिलर (आकार बदलायला कातडीखाली देतात ते जेलचं इंजेक्शन) आहे. तपासण्या, डॉक्टरांच्या फिया, मुंबईचं जाणं-येणं धरलेलं नाही. दोन्ही शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडल्या, माझं नाक कुणी बिघडवलं नाही. हे आधीच सांगतो, कारण हा विषय निघाला की ऐकणारा ‘डॉक्टरनं कसं फसवलं’ याची वाट बघायला लागतो. तिसऱ्या शस्त्रक्रियेसाठी गेलो तेव्हा एका सर्जननी नकार दिला. तिथून पुढे जे मानसिक उपचार सुरू झाले ते कसे असतात, कुणाकडे जायचं, किती पैसे आणि किती महिने लागतात, हे मला त्या वेळी मराठीत कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून हे तारीखवार लिहून ठेवतोय.

मी मूळचा कराडचा, आता पुण्यात एका सहकारी बँकेत. आमच्या घरात सगळ्यांचं नाक एकाच वळणाचं आहे, मधे हाडाचा उंचवटा आणि टोक जरा खाली झुकलेलं. अण्णांचं तसंच, आत्याचंही तसंच. शाळेत मला पोपट म्हणायचे, पण शाळेत सगळ्यांनाच काही ना काही म्हणायचे. त्याचं मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. सुरुवात झाली ती २०१८ मध्ये, स्थळं बघायला लागल्यावर. काही ठिकाणांहून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला, एका ठिकाणाहून निरोपच आला नाही. मध्यस्थांना विचारलं तर ते म्हणाले, “कारण सांगत नाहीत हो लोक.” कारणाची ती रिकामी जागा मी माझ्या नाकानं भरून टाकली. नाकाबद्दल एकाही मुलीनं किंवा तिच्या घरच्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. अण्णा म्हणायचे, “पुरुषाचं नाक कोण बघतंय? पगाराची स्लिप बघतात.” त्यांचं बरोबर होतं, पण बरोबर असून उपयोग नव्हता.

पहिली शस्त्रक्रिया नोव्हेंबर २०१९ मध्ये, रजा काढून. एक लाख दहा हजारांचं पॅकेज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकोणीस हजार आठशे वेगळे. दवाखान्याच्या बिलावर जीएसटी नसतो अशी माझी समजूत होती. ती बहुतेक उपचारांपुरती खरी आहे, पण सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी आणि हेअर ट्रान्सप्लांट त्या सवलतीतून वगळलेले आहेत. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा इजा यामुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करायचा असेल तर कर लागत नाही. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिकत चित्रासकट छापून आली होती. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणाऱ्या या माणसाला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक कापलं होतं, आणि पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक करून दिलं. कावसजीला जीएसटी लागला नसता. मला लागला, आणि कर खात्यानं माझी वर्गवारी अगदी योग्य केली होती असं आता वाटतं.

विम्याचं तर नावच नको. विमा नियामक आयआरडीएआयनं ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये कॉस्मेटिक सर्जरी आहे. पॉलिसीच्या कागदात ‘एक्सक्ल ०८’ या कोडखाली सापडेल. एका क्लिनिकच्या काउन्सेलरनं सुचवलं होतं, “सेप्टम वाकडं दाखवू, क्लेम बसवू.” माझं सेप्टम, म्हणजे नाकातला मधला पडदा, सरळ होतं, आणि खोटे कागद पकडणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे ती सूचना ऐकूनच मी तिथून उठलो. सर्जन निवडताना मी एवढं मात्र पाहिलं की प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव आहे का. हे तुम्हीही पाहा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी कुणीही लावतो.

रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, भूलतज्ज्ञांचा फिटनेस, मग एक रात्र दवाखान्यात आणि आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा. बँकेत रजेचं प्रमाणपत्र दिलं त्यात ‘नाकाची शस्त्रक्रिया’ एवढंच होतं, त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. स्प्लिंट निघाल्यावर संक्रांतीपर्यंत मी खरोखर आनंदात होतो. उंचवटा गेला होता. मग एके दिवशी टोक जरा जाड दिसलं. सर्जननी आधीच बजावलं होतं की सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं आणि टोकाची सूज सगळ्यात शेवटी उतरते. ते वर्ष मी आरशासमोर काढलं.

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला आणि आमच्या मीटिंगा व्हिडिओवर सुरू झाल्या. समोर बोलतोय तो साहेब राहायचा बाजूला, मी आपला कोपऱ्यातल्या माझ्याच चौकटीकडे बघत बसायचो. फोन हातात धरून काढलेल्या फोटोत नाक खऱ्यापेक्षा मोठंच येतं. २०१८ मधल्या एका अभ्यासात दाखवलंय की साधारण बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतो. लेन्सच्या अंतराचा तो परिणाम आहे. हे मला पुढे थेरपीत कळलं. त्या वेळी मी तो फोटो म्हणजे एक्स-रे समजून झूम करत होतो.

२०२१च्या जानेवारीत फिलर घेतलं आणि ऑगस्टमध्ये परत, दर वेळी सव्वीस हजार. वीस मिनिटांत काम होतं, लगेच दुचाकीवरून घरी जाता येतं, त्यामुळे हे शस्त्रक्रियेपेक्षा किरकोळ असं वाटतं. ते किरकोळ नाही. नाकाजवळच्या रक्तवाहिनीत फिलर गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते, आणि आधी शस्त्रक्रिया झालेल्या नाकात हा धोका वाढतो. संमतीपत्रावर हे सगळं छापलेलं होतं. मी सही करताना ते वाचलं होतं, तरी केली.

२ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली. आसपास सगळे मोकळे झाले आणि माझी मात्र अडचण झाली, कारण दोन वर्षं मास्कनं माझं काम सोपं करून ठेवलं होतं. मी ‘धुळीची ॲलर्जी आहे’ सांगून मास्क चालूच ठेवला. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या सर्जनकडे दुसरी शस्त्रक्रिया केली. दोन लाख वीस हजार, अधिक कर एकोणचाळीस हजार सहाशे. दुरुस्तीची शस्त्रक्रिया महाग असते कारण ती अवघड असते. आत व्रण असतात, सेप्टममधली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, आधीच वापरलेली असते, त्यामुळे कानाची किंवा बरगडीची काढावी लागते. माझ्या छातीवर उजव्या बाजूला त्याची खूण आहे. त्यानंतर काही आठवडे खोकणं, शिंकणं आणि हसणं हे तिन्ही त्रासाचे होते. आधी घेतलेलं फिलर विरघळवायचं इंजेक्शन घ्यावं लागलं ते वेगळंच. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवता येतं, म्हणून कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या प्रकारचं घातलं त्याचं स्टिकर मागून घ्या आणि फाइलला लावा.

यानंतर टोक ठीक वाटायला लागलं. पण उजवी नाकपुडी डावीपेक्षा किंचित वर आहे, हे दिसायला लागलं.

जुलै २०२३ मध्ये मुंबईत एका ज्येष्ठ सर्जनची वेळ मिळाली. फी दोन हजार, वेळ मिळायला पाच आठवडे. सोबत जुन्या फायली, पेन ड्राइव्हवर फोटो, आणि नाकपुडीवर लाल रेघा मारलेले प्रिंट्स घेऊन गेलो होतो. त्यांनी प्रिंट्स बाजूला ठेवले आणि माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. आत्ताच का? घरच्यांना माहीत आहे का? मागच्या शस्त्रक्रियेनंतर किती दिवस बरं वाटलं? आणि यानंतर आयुष्यात काय बदलेल? शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, “लग्न जमेल.” ते म्हणाले, “नाक दोनदा बदललंत. त्यानंतर किती स्थळं बघितलीत?”

एकही नाही. २०१९ नंतर मी कुठे गेलोच नव्हतो. ‘नाक एकदा पूर्ण होऊ दे, मग बघू’ असं आईला सांगत होतो.

मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला. दिसण्याबद्दल काळजी वाटते का, ती कमी व्हावी असं वाटतं का, त्यामुळे कामावर किंवा लोकांत मिसळण्यावर परिणाम झालाय का, आणि दिवसातला किती वेळ त्या विचारात जातो: एक तासाहून कमी, एक ते तीन तास, की तीन तासांहून जास्त. मी मधल्या पर्यायावर खूण केली, मग खोडून शेवटच्यावर केली. कागद बघून ते म्हणाले, “तुम्ही दाखवता तो फरक मला दिसत नाही. जे मला दिसत नाही ते मी दुरुस्त करू शकत नाही. मी हे ऑपरेशन करणार नाही, आणि तुम्ही कुणाकडूनही करून घेऊ नये असं माझं मत आहे.” लेटरहेडवर मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून दिली आणि फीतले हजार रुपये परत करायला रिसेप्शनला सांगितलं.

मला राग आला. शिवनेरीनं पुण्याला येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो. खोपोलीच्या आसपास पोचेपर्यंत फोनवर दुसरी क्लिनिकं शोधायला लागलो होतो. एका क्लिनिकला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. अर्ध्या तासात ‘हो, करता येईल’ असा निरोप, सोबत दर, बिनव्याजी हप्त्यांची सोय आणि ‘आज रात्री बारापर्यंत बुक केलंत तर वीस टक्के सूट’. मी वीस हजार ॲडव्हान्स भरून टाकला. समोरासमोर अर्धा तास बघून एक माणूस नाही म्हणतो आणि न बघता दुसरा हो म्हणतो, तेव्हा आपल्याला दुसराच तज्ज्ञ वाटतो. मला तरी तसंच वाटलं.

पुढचा तुकडा मेलबर्नहून आला. माझी आतेबहीण तिथे नर्स आहे. ताईला मी चिडून सगळं सांगितलं, ‘वेडा समजले मला’ असं म्हणालो. तिला त्यात काही विशेषच वाटलं नाही. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात नियमच झाला होता. कॉस्मेटिक सर्जरी करायची तर आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते, सर्जननी पेशंटला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर (इतरांना न दिसणारा दोष स्वतःत दिसत राहण्याचा मानसिक आजार) आहे का याची तपासणी करायची, आणि संमती दिल्यावर किमान सात दिवस थांबायचं. ताई म्हणाली, “अरे, इथे हा कागद प्रत्येकाला भरायला देतात. त्यात अपमान कसला?” मला एकट्याला काढून टाकलंय असं जे वाटत होतं ते या वाक्यानं बरंचसं गेलं. चिठ्ठी मी फाडून टाकली नव्हती, फाइलमध्येच होती. कागद टाकून न देण्याची सवय अशी कामाला आली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, नवरात्रात, पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. पहिल्या वेळी बाराशे रुपये, पुढे दर वेळी सातशे. ज्यांना हे जड जाईल त्यांच्यासाठी सांगतो, ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही आहे. ‘येरवड्याला पाठवा’ हा आपला जुना विनोद आहे, पण तिथल्या ओपीडीत रोज साधी नोकरदार माणसं गोळ्या घेऊन घरी जातात. कुठे जायचं तेच कळत नसेल तर टेलिमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

पहिली भेट पाऊण तासाची होती. झोप, भूक, घरात कुणाला काही मानसिक आजार, दारू, सगळं विचारलं. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारलं. हा प्रश्न येणारच असं धरून जा आणि खरं उत्तर द्या, कारण या आजारात ते विचार येण्याचं प्रमाण बरंच असतं आणि उपचार त्यावर ठरतात. आजाराचं नाव त्यांनी तेच सांगितलं, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, थोडक्यात बीडीडी. इतरांना न दिसणारा किंवा नगण्य वाटणारा दोष माणसाला सतत दिसत राहतो आणि तो तपासण्यात, लपवण्यात किंवा दुरुस्त करण्यात दिवस जातो. साधारण शंभरातल्या दोघांना असतो, पुरुषांनाही जवळजवळ बायकांइतकाच. २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या वर्गीकरणात तो ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या, गटात धरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्यांच्या शेजारी. इटलीतल्या एन्रिको मोर्सेली नावाच्या डॉक्टरांनी १८९१ मध्येच याचं वर्णन केलं होतं. हे ऐकून मला बरं वाटलं. सगळं खापर मोबाइलवर फोडणाऱ्यांचं मला कधीच पटलं नव्हतं. माझ्या बाबतीत मोबाइलनं भर घातली, पण उगम त्याच्या आधीचा होता.

आणि मुख्य गोष्ट: या आजारात शस्त्रक्रियेनं बहुतेकांना फरक पडत नाही. किंवा त्या जागेचा त्रास थांबतो आणि लक्ष दुसऱ्या जागी जातं. उंचवटा, मग टोक, मग नाकपुडी. मॅडमनी हे बोटांवर मोजून दाखवलं तेव्हा मी माझ्याच फाइलची अनुक्रमणिका ऐकत होतो.

औषध फ्लुऑक्सेटीन, सुरुवातीला २० मिलिग्रॅम, मग हळूहळू ६० पर्यंत. बीडीडीत नैराश्यापेक्षा डोस बरेचदा जास्त लागतो आणि गुण यायला बारा आठवडेही लागू शकतात. पहिले दोन आठवडे मळमळ आणि विचित्र झोप. नंतर कामेच्छा कमी झाली. हे लिहायला अवघड आहे, पण मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी घाबरलो नसतो. डॉक्टरांना सांगितलं, त्यावर मार्ग निघाला. गोळ्या स्वस्त आहेत, जनऔषधीत आणखी स्वस्त. चिठ्ठी लागतेच, आणि आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

थेरपीसाठी मात्र थांबावं लागलं. ओसीडी आणि बीडीडीवर काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कमी आहेत. मला सहा आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, डिसेंबर २०२३. दर तासाला पंधराशे, पहिले सहा महिने साधारण दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. इथे एक गोष्ट बघा. ‘काउन्सेलर’ असं कुणीही म्हणवून घेऊ शकतं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव मात्र रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या नोंदणीत असावं लागतं. क्रमांक विचारला तर चांगल्या माणसाला राग येत नाही. पुण्यात वेळ मिळाली नसती तर बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक आहे, तिकडे जायची तयारी ठेवली होती.

थेरपी म्हणजे बालपणाच्या आठवणी काढत रडायचं, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात ती बँकेच्या ऑडिटसारखी निघाली. आधी नुसती नोंदवही ठेवायची: आरसा कधी पाहिला, किती मिनिटं, त्याआधी मनात काय आलं. बँकेच्या काचेच्या दारात, एटीएमच्या स्क्रीनवर, बंद टीव्हीत, गाडीच्या आरशात, जेवणाच्या चमच्यात मी किती वेळा स्वतःला बघतो ते कागदावर उतरलं. मग न जमणाऱ्या गोष्टींची शून्य ते शंभर अशी उतरंड केली. तळाशी, मास्क न लावता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाणं. मधे, व्हिडिओ मीटिंगमध्ये स्वतःची चौकट बंद ठेवणं. वरती, लग्नात बाजूनं फोटो काढू देणं. सगळ्यात वर, सलून.

सलूनबद्दल थोडं जास्त लिहितो. पुरुषांच्या सलूनमध्ये समोर आरसा असतो, मागेही आरसा असतो, त्यामुळे एरवी कधी न दिसणारी आपली बाजू तिथे अर्धा तास समोर राहते. २०२० पासून मी केस घरीच ट्रिमरनं कापत होतो. पैसे वाचतात असं सांगायचो. फेब्रुवारी २०२४मध्ये सायकॉलॉजिस्टनी काम दिलं: फक्त जाऊन बाकावर बसायचं, पेपर वाचायचा आणि यायचं. पुढच्या वेळी दाढी. त्याच्या पुढच्या वेळी केस. बसल्यावर नजर नाकावर न खिळवता पूर्ण चेहरा बघायचा आणि जे दिसतं ते पंचनाम्यासारखं मनात सांगायचं, ‘वाकडं’, ‘घाण’ असे शब्द न वापरता. छाती धडधडायला लागली तरी उठायचं नाही, ती आपोआप खाली येईपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा ती खाली यायला खूप वेळ लागला आणि न्हावीदादांनी दोनदा विचारलं, “साहेब, नंबर लावू का?” एप्रिलपर्यंत मी महिन्यातून एकदा जायला लागलो. मजा वाटली असं नाही, पण जाऊन येता आलं.

घरच्यांनाही एका सत्राला बोलावलं होतं. आई-अण्णा कराडहून आले. मी रोज फोनवर आईला विचारायचो, “व्हिडिओत नाक वाकडं दिसतंय का गं?” आणि ती म्हणायची, “नाही रे राजा, छान दिसतंय.” त्या उत्तरानं दहा मिनिटं बरं वाटायचं आणि प्रश्न आणखी पक्का व्हायचा. सायकॉलॉजिस्टनी तिला सांगितलं की याचं उत्तरच द्यायचं नाही, दुसरा विषय काढायचा. आईला ते फार कठोर वाटलं. मी विचारलं की ती भाजीचे भाव सांगायला लागायची, आणि आवाजावरून कळायचं की तिला रडू आवरत नाहीये. अण्णा सत्रभर गप्प बसले, निघताना एवढंच म्हणाले, “माझं नाक तुला आवडलं नाही होय?” यावर मला काही बोलता आलं नाही. पुढच्या आठवड्यातलं सत्र याच वाक्यावर गेलं.

मधल्या काळातली कागदी कामं. ॲडव्हान्स भरलेल्या क्लिनिकला डिसेंबरमध्ये ईमेल केला की डॉक्टरी सल्ल्यानुसार शस्त्रक्रिया रद्द करतोय, रक्कम परत करा. ‘नॉन-रिफंडेबल’ असं उत्तर आलं. पावतीवर तसं कुठेही छापलेलं नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक टाकून क्लिनिकला पुन्हा ईमेल केला. मार्चमध्ये पंधरा हजार आले, पाच हजार ‘फाइल चार्जेस’ म्हणून कापले. तुम्ही ॲडव्हान्स भरणार असाल तर रद्द करण्याची अट आधी लेखी घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.

जुन्या दवाखान्यांतून रेकॉर्ड काढणंही याच सुमारास केलं. मॅडमना दोन्ही शस्त्रक्रियांच्या नोंदी हव्या होत्या. एका ठिकाणी ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणाले. अर्जात २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांचा उल्लेख केला, त्यानुसार पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि कागद मिळाले. हा अर्ज उपचार संपल्या-संपल्याच द्या, कारण नोंदी तीन वर्षंच जपून ठेवण्याचं बंधन आहे.

विम्याबाबत २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २१ मध्ये, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं असं म्हटलंय. पण माझे सगळे उपचार ओपीडीतले, आणि माझ्या पॉलिसीत ओपीडी नाही, त्यामुळे हातात काही आलं नाही. त्याच कायद्यानं माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. बँकेत मी आजाराचं नाव सांगितलं नाही, सांगावं लागलंही नाही. गुरुवारी संध्याकाळी लवकर निघायची परवानगी ‘वैद्यकीय कारण’ एवढ्यावर मिळाली. थेरपी, मॅडमच्या फिया आणि गोळ्या मिळून पहिल्या वर्षाचा खर्च एका फिलरच्या तिपटीहून कमी आला.

डिसेंबर २०२४ मध्ये चुलतभावाचं लग्न झालं. हॉल कराडचा, फोटोग्राफर दोघे, आणि ड्रोनसुद्धा. अल्बम आला तेव्हा मी माझे फोटो दोनदा बघितले, तिसऱ्यांदा बघायचं टाळलं. आईनं विचारलं, “कसे आलेत?” मी म्हणालो, “वहिनीचे छान आलेत.” स्थळांचं अजून काही सुरू केलेलं नाही. ते नाकासाठी अडलेलं नाही, एवढं आता खात्रीनं सांगता येतं. घाई नाही.

औषधाचा डोस यंदा ४० वर आणलाय. नाकपुडी अजून वर आहे की नाही, हे मला खरंच माहीत नाही. काही दिवस दिसते, काही दिवस दिसत नाही. मागच्या महिन्यात मात्र हनुवटी जरा आत आहे असं वाटायला लागलं, आणि दोन रात्री मी हनुवटीच्या फिलरचे दर बघत बसलो. नोंदवही परत काढली, तिसऱ्या दिवशी सायकॉलॉजिस्टना मेसेज केला. त्यांची फी आता अठराशे झाली आहे. १९ तारखेची वेळ मिळाली, संध्याकाळी साडेसहाची.